गाववाल्यांची मुंबई

आमच्या घरात सन सांगायची रीत नव्हती. पणजोबा मुंबईला गेले ते 'पलेगाच्या आधी', थोरल्या आत्याचा जन्म 'सहा म्हयन्याच्या संपात', आजोबांच्या धाकट्या भावाचं लग्न 'गोदीत बार झाला त्या उन्हाळ्यात', आणि मी जन्मलो 'ट्रामा बंद झाल्या त्या साली'. पाटण तालुक्यातल्या, डोंगराला टेकलेल्या आमच्या गावापासून मुंबई शंभर कोसांवर. तरी जन्म, लग्नं, मरणं यांची नोंद मुंबईच्या घडामोडींवरून ठेवलेली. पुढं मी इतिहासाचा शिक्षक झालो आणि या एकेका खुणेपुढं सन लिहीत गेलो. प्लेग १८९६. सहा महिन्यांचा संप १९२८. गोदीतला स्फोट १४ एप्रिल १९४४. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री, बोरीबंदरहून दादरला. म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेलं कुठंही चुकलेलं नव्हतं.

पुस्तकातली मुंबई आणि त्यांची मुंबई यांत फरक मात्र होता. पुस्तकात गिरण्या होत्या, मालक होते, पुढारी होते, कायदे होते. आजोबांच्या बोलण्यात हे सगळं येई, पण ओघात. त्यांच्या गोष्टीत मुख्य काय असे, तर कोण कुणाला कुठं भेटलं. अमक्या नाक्यावर कऱ्हाडकडचा एक जण भेटला म्हणून रात्रीपुरती जागा मिळाली. अमक्याचा मेहुणा जॉबर, म्हणजे माणसं भरणारा मुकादम, निघाला म्हणून बदली कामगारांत नाव लागलं. गिरणगाव या भेटींवर उभं राहिलं, आणि गिरण्या गेल्यावरही ते जेवढं शिल्लक आहे ते भेटींमुळंच आहे, असं मला फार दिवसांपासून वाटत आलंय. या उन्हाळ्यात ते डोळ्यांनी पाहून आलो.

पणजोबा मुंबईला गेले तेव्हा तिथं गिरण्या येऊन चाळीस वर्षं झाली होती. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी काढली आणि ताडदेवला त्यांची गिरणी १८५६ मध्ये चालू झाली. पणजोबांना दावर ठाऊक नव्हते. त्यांना ठाऊक होता तो गावातला एक माणूस, आमच्याच भावकीतला. तो जत्रेला आला, परत जाताना तीन पोरं बरोबर घेऊन गेला. त्यांतले एक पणजोबा.

आणि लगेच प्लेग आला. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी रोग ओळखला आणि पुढच्या काही महिन्यांत शहर रिकामं होऊ लागलं. पणजोबाही गावाकडं पळाले. गावानं त्यांना वेशीच्या आत घेतलं नाही. ओढ्यापलीकडं खोप घालून दिली. त्यांची आई रोज संध्याकाळी ओढ्यातल्या दगडावर भाकरी ठेवून मागं सरायची, मग ते पुढं होऊन उचलायचे. मधे पाणी वाहायचं, आणि दोघं दोन काठांवर बसून बोलत राहायची. ही गोष्ट आजोबा सांगायचे तेव्हा आमची आजी चुलीपुढून उठून जाई. पोटच्या पोराला लांबून भाकरी ठेवायची हे तिला ऐकवत नसे.

परतल्यावर मुंबईचं वेगळंच रूप त्यांना दिसलं. माणसं पळालेली, गिरण्यांना हात मिळेनात. एरवी महिन्याचा पगार पुढच्या महिन्यावर ढकलणाऱ्या गिरण्या रोजच्या रोज पैसे मोजू लागल्या. नाक्यानाक्यावर जॉबर उभे राहून एकमेकांवर चढाओढीनं रोजाची बोली लावत. त्या वाढीव रोजाचे पैसे गाववाल्यांनी उधळले नाहीत. वर्गणी काढून लालबागेत एक खोली घेतली. आमच्या गावची बैठकीची खोली ती हीच.

बैठकीची खोली म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगायला हवं. दहा बाय बारा-पंधराची खोली. भिंतीला ओळीनं खुंट्या, प्रत्येक खुंटीचा मालक ठरलेला. खाली पत्र्याच्या पेट्या एकीवर एक. तीसेक माणसं तिच्यात नांदत, कारण तिन्ही पाळ्यांची माणसं एकदम कधीच घरी नसत. पहिल्या पाळीचा उठला की रातपाळीचा त्याच अंथरुणावर पडे. उन्हाळ्यात निम्मे गॅलरीत आणि निम्मे फुटपाथवर झोपत. एकानं महिन्याचे पैसे गोळा करायचे, वहीत लिहायचे. आजारी पडेल त्याची सोय या वहीतून, मेला तर त्याला गावी पोचवायचा खर्च वहीतून, आणि नवं पोर गावाहून आलं तर नोकरी लागेपर्यंत त्याच्याकडून काही मागायचं नाही. हा नियम कुणी कागदावर लिहिला नव्हता, पण तो मोडल्याचं एकही उदाहरण आजोबांनी कधी सांगितलं नाही.

पणजोबांच्या काळी कामाला तासांचा हिशोब नव्हता, उजेडाचा होता. दिवस उगवला की यंत्र सुरू, मावळला की बंद. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि काम चौदा-पंधरा तासांवर गेलं. पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा कायद्यानं आली ती १९११ मध्ये, आणि आठवड्याला ४८ तासांची १९४६ मध्ये. म्हणजे आमच्या घरात पणजोबांनी अंधार पडेतो काम केलं, आजोबांनी दहा-अकरा तास केलं, आणि चुलत्यांना आठ तास मिळाले. या एका वाक्यामागं किती संप आहेत!

त्यांतला एक पगारासाठी नव्हता. २२ जुलै १९०८ ला लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि दुसऱ्या दिवसापासून गिरणगाव सहा दिवस बंद राहिलं, वर्षाला एक दिवस. पणजोबांना वाचता येत नव्हतं. टिळकांना त्यांनी पाहिलेलंही नव्हतं. पण ते सहा दिवस त्यांनी खोलीबाहेर काढले, नाक्यावर. आयुष्यभर ते सांगताना त्यांची मान ताठ होई, असं आजोबा म्हणायचे.

मी पहिल्यांदा मुंबई पाहिली ती १९७७ च्या उन्हाळ्यात, सातवीची परीक्षा देऊन. मे महिन्यात मुंबईतली माणसं गावाला येतात. आमच्यासारखी गावची पोरं उलट्या दिशेनं जात. वैशाखात आमच्या गावची जत्रा, आणि जत्रेला आलेले माझे चुलते परतताना मला घेऊन गेले. त्यांना आम्ही आबा म्हणतो. एसटीनं पहाटे परळ डेपोत उतरवलं आणि समोरून भोंगा झाला. मग दुसरा, मग तिसरा. आबा चालता चालता कुठला भोंगा कुठल्या गिरणीचा ते सांगत होते.

आबा मागखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, होते. आबा-काकूंची खोली बैठकीच्या खोलीच्याच मजल्यावर होती, आणि काकू बैठकीतल्या माणसांची खानावळ चालवायची. सकाळी चारला स्टोव्ह पेटायचा. भाकऱ्यांची चळत, आमटीचं पातेलं, रविवारी मटण. महिन्याचे पैसे ठरलेले. गावाला गेला तर खाडा धरायचा. काकूनं खाड्यांसाठी दारामागं कॅलेंडर लावलं होतं आणि त्यावर नावांऐवजी खुणा होत्या, कारण तिला लिहिता येत नव्हतं. सावकाराकडून धान्यासाठी पैसे उचलायचे आणि पगार झाले की व्याजासकट फेडायचे, असं तिचं चाललं होतं. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून खानावळवाल्या बायकांना बँकेची कर्जं मिळवून द्यायला सुरुवात केली. काकू त्यात गेली. मी तिथं होतो त्याच उन्हाळ्यात ती अंगठा सोडून सही करायला शिकत होती, आणि माझ्या पाटीवर रोज रात्री आपलं नाव गिरवायची. गिरणी कामगारांच्या इतिहासात या बायकांना खरं तर पहिलं पान द्यायला हवं. लाखो माणसं बायका-पोरं गावी ठेवून या शहरात राबली, ती यांच्या भाकरीवर.

चाळीत त्या सुट्टीत माझे तीन मित्र झाले. एक समोरच्या खोलीतला, एक खालच्या वाण्याचा, एक राजापूरकडच्या कुटुंबातला. राणीचा बाग, डबलडेकरची वरची पुढची सीट, शनिवारी कुणाच्या तरी दारात गर्दी करून पाहिलेला टीव्हीवरचा मराठी सिनेमा, भारतमाता थिएटरच्या बाहेरची पोस्टरं. ते दिवस सगळ्यांच्या वाट्याला येतात तसेच आले.

खरी मुंबई मला रविवारांनी दाखवली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि साप्ताहिक सुट्टीची मागणी लावून धरली. १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. रविवार खंडोबाचा वार, ही बाबही त्या मागणीत होती. आमच्या माणसांनी रविवार भेटींना दिला. आबा इस्त्रीचा पायजमा घालून निघत आणि मी त्यांच्या मागं. काळाचौकी, घोडपदेव, शिवडी, नायगाव, डिलाईल रोड, वरळी. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी गावाकडचं. वरळीच्या आणि डिलाईल रोडच्या बीडीडी चाळींत तर गल्लीगल्लीला तालुका बदले. १९२० नंतर बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं चार ठिकाणी २०७ इमारती बांधल्या. दर इमारतीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. मला आठवतात ते रुंद, काळोखे पॅसेज आणि दोन्ही बाजूंच्या उघड्या दारांतून आबांना येणाऱ्या हाका. चहा नको म्हणायची सोय नसे. निरोप दिले-घेतले जात. कुणाच्या बहिणीला स्थळ, कुणाच्या बैलाची किंमत, कुणाच्या बापाचं दुखणं. संध्याकाळी घरी येईतो आबांच्या डोक्यात आख्ख्या तालुक्याची खबर जमा झालेली असे, आणि सोमवारी ती पोस्टकार्डावर गावाकडं जाई. पोस्टकार्डं लिहायला मला बसवत. इतिहासाची माझी गोडी तिथून सुरू झाली असावी.

आजोबा तेव्हा गावी होते, गिरणीतून निवृत्त झालेले. सुट्टी संपवून गेलो की ते माझी परीक्षा घेत. कुठं कुठं गेलास, कोण भेटलं. मी एखादा नाका सांगितला की त्या नाक्याची गोष्ट निघे.

शिवडी म्हटलं की १९४४. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाज लागलेलं, पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं, कापसाच्या हजारो गासड्या आणि सोन्याच्या विटा. दुपारी आग दिसली, चारच्या सुमारास पहिला स्फोट, अर्ध्या तासानं दुसरा. आजोबा दुसऱ्या पाळीला साच्यावर, म्हणजे सूतकताईच्या यंत्रावर, होते. जमीन हलली तेव्हा यंत्र फुटलं असं त्यांना वाटलं. बाहेर आले तर आभाळातून जळते कापसाचे गोळे पडत होते. सोन्याच्या विटा लांबच्या घरांत जाऊन पडल्या हे सगळ्यांना माहीत आहे. आजोबा सोन्याबद्दल एवढंच सांगायचे की आम्ही वर बघत नव्हतो, माणसं शोधत होतो. गोदीत आमच्या शेजारच्या गावचे हमाल होते. रात्रभर बैठकीच्या खोल्यांतून माणसं एकमेकांकडं गेली, वह्या उघडून नावं मोजली. त्या रात्रीच्या मोजणीत एक माणूस कमी भरला. त्याची बायको पुढं आमच्या गावी माहेरी येऊन राहिली. मी तिला पाहिलंय.

परळ म्हटलं की १९२८. एका कामगारानं दोन साच्यांची बाजू सांभाळायची, दोन मागांऐवजी तीन माग चालवायचे, असं ठरलं आणि एप्रिलमध्ये संप पेटला तो ऑक्टोबरपर्यंत चालला. त्याच संपात लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली, अर्जुन आळवे अध्यक्ष, श्रीपाद अमृत डांगे चिटणीस. आजोबा तरणे होते. पहिले काही दिवस मिरवणुकांना गेले, मग बैठकीनं ठरवलं की निम्म्यांनी गावाला जावं, म्हणजे उरलेल्यांचं धान्य पुरेल. गावाला गेलेला माणूस गिरणीच्या दारात लाचार होऊन उभा राहत नाही, हे त्यांचं सूत्र होतं. गावात पाऊस झाला, पेरण्या झाल्या, आत्या जन्मली, आणि दसऱ्याच्या आसपास आजोबा परत साच्यावर हजर झाले.

म्हणून १९८२ मध्ये कुणी घाबरलं नव्हतं. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली पन्नासहून अधिक गिरण्यांतले अडीच लाखांच्या घरातले कामगार बाहेर पडले. पगारवाढ हवी होती, बदलीवाल्यांना कायम व्हायचं होतं, आणि कुठली युनियन आपली हे ठरवायचा हक्क हवा होता. चार-सहा महिन्यांत मिटेल, मग परत जाऊ, हे सगळे धरून चालले होते. मी तेव्हा कऱ्हाडला कॉलेजात होतो. त्या उन्हाळ्यात मला मुंबईला जावं लागलं नाही. मुंबईच आमच्या गावात आली. एकेका एसटीतून पेट्या उतरत होत्या. ज्यांना मी वरळीत, नायगावात, काळाचौकीत भेटलो होतो ते सगळे मारुतीच्या पारावर एका जागी बसलेले. जत्रा त्या वर्षी फार मोठी झाली. पावसाळ्यात मात्र धान्य संपलं, आणि चोवीस वर्षं माग चालवलेली माणसं रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायला गेली. तो संप कुणी मागं घेतला नाही. तो तसाच राहिला. लाखावर माणसं परत कामावर घेतली गेली नाहीत.

काकू त्या वर्षी लालबागेतच राहिली. जे तिथं उरले त्यांना तिनं जेवू घातलं, उधारीवर. कॅलेंडरवर खुणा करत गेली आणि महिना पालटला तरी पान फाडलं नाही. त्यांतल्या काहींनी पुढं दहा-बारा वर्षांनी शोधत येऊन पैसे दिले. उरलेल्यांबद्दल ती कधी वाईट बोलली नाही. 'पोटाला घातलं त्याचा हिशोब मी देवाला देणार, तुला कशाला,' असं मला एकदा म्हणाली.

नंतरचं सगळ्यांना ठाऊक आहे. १९९१ च्या नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा तिसरा-तिसरा हिस्सा मोकळ्या जागेला आणि घरांना द्यायचा होता. २००१ मध्ये तो हिशोब फक्त रिकाम्या जमिनीपुरता उरला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो बदल टिकला. चिमण्या पडल्या, काचेच्या इमारती आल्या. आबांची खोली विकली गेली, बैठकीची खोलीही. माणसं विरार, नालासोपारा, कल्याण, बदलापूरला पांगली. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी २००४ मध्ये गिरणगावातल्या शंभर माणसांच्या तोंडून तो इतिहास पुस्तकात आणला. ते माझ्या टेबलावर कायम असतं. मला राहून राहून वाटतं, आपल्या प्रत्येक घरात अशा एका वहीची गरज आहे.

या उन्हाळ्यात मी मुलीकडं होतो, परळला. तिची इमारत गिरणीच्याच जागेवर उभी आहे. आबा नालासोपाऱ्याला चुलतभावाकडं असतात, नव्वदीला टेकलेत. वहिनीचा फोन आला, रविवारी लालबागला मसाला करायला येतोय, आबापण येणार म्हणतायत.

एप्रिल-मे महिन्यात लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत गेलं की आधी ठसका लागतो, मग दुकानं दिसतात. पोत्यांतून मिरच्या ओतलेल्या. रंगाला बेडगी, तिखटाला संकेश्वरी. धणे, खसखस, दगडफूल, नागकेशर, हळकुंडं, हिंगाचे खडे. वहिनीच्या पर्समध्ये काकूच्या मसाल्याचं प्रमाण लिहिलेली चिठ्ठी होती. काकूनं सांगितलेलं, मी लिहिलेलं. काकू गेली, खानावळ गेली, मसाला तोच आहे. निवडलेल्या मिरच्या आणि भाजलेला खडा मसाला घेऊन कांडपाला नंबर लावायचा. डंखाचे लोखंडी मुसळ धाडधाड वर-खाली होतात, कामगार चाळणीनं चाळून जाडं परत उखळात टाकतो. नाकाला पदर बांधून बायका भिंतीला टेकून बसलेल्या. त्यांतल्या निम्म्या वसई-डोंबिवलीकडून आलेल्या. डोंबिवलीत कांडप नाही का? आहे. तरी त्या इथंच येतात. मी तासभर नुसता ऐकत होतो. 'तुम्ही दुसऱ्या माळ्यावरच्या ना?' 'तुझी सासू कशी आहे गं?' 'पोराचं झालं का लग्न?' वर्षातून एकदा, मिरचीच्या खकाण्यात, पांगलेली चाळ इथं भरते.

माझा राजापूरकडचा मित्र मला तिथंच भेटला, १९७७ नंतर पहिल्यांदा. पोस्टातून निवृत्त झालाय. मी त्याला ओळखलं नाही, त्यानं आबांना ओळखलं. मग आम्ही दोघं एकमेकांचे खांदे धरून नुसते उभे राहिलो. बाकीच्या दोघांची खबर त्याच्याकडं होती. वाण्याचा मुलगा करोनात गेला. समोरच्या खोलीतला अजून त्याच चाळीत आहे. संध्याकाळी त्याच्याकडं गेलो, रात्री अकरापर्यंत बसलो.

पण सांगायचं ते वेगळंच आहे. आबांना नीट ऐकू येत नाही. मागखात्यातल्या माणसांचे कान असेच जातात. डंखाच्या आवाजात तर आम्हालाही काही कळत नव्हतं. आबा स्टुलावर बसलेले. अचानक त्यांनी उजवा हात वर केला, डाव्या मनगटावर दोन बोटं आपटली. मी वळून पाहिलं. गल्लीच्या पलीकडं, दुसऱ्या डंखापाशी, पांढऱ्या टोपीतला एक म्हातारा उभा होता. त्यानं अंगठा छातीला लावला आणि तीन बोटं दाखवली. आबांनी मान हलवली, मूठ वळवून उघडली. त्यानं हसून ओठ हलवले. आवाज नाही, नुसते ओठ. आबांनी तसंच उत्तर दिलं. तीनशे माग धडधडत असताना ही माणसं अशीच बोलत, हे मी ऐकून होतो. पाहिलं आत्ता. आमच्यात कुणाला एक अक्षर कळलं नाही आणि त्या दोघांचं पाच मिनिटं बोलणं झालं. मग आबा काठी टेकत उठले. मी धरायला गेलो, तर माझा हात त्यांनी बाजूला केला.

'आजरा हाय त्यो,' आबा म्हणाले. 'माझ्या फुडच्या जोडीवर हुता.'

खात्यात नावानं कुणी कुणाला ओळखत नसे. तालुका हेच नाव. आबा 'पाटण', हा 'आजरा'. संपानंतर हा गावी गेला, पाच वर्षं दुसऱ्याच्या शेतात राबला, परत येऊन एका सोसायटीत रखवालदारी केली. गिरणी कामगारांच्या घरासाठी अर्ज केलाय, सोडतीत नाव लागलेलं नाही. आता भांडुपला मुलाकडं असतो. हे त्यानं चहाच्या टपरीवर सांगितलं, आबांच्या कानाशी ओरडून. मग दोघांनी खातं मांडलं. दारापासून सुरुवात केली. मागांच्या पहिल्या जोडीवर चंदगड, दुसऱ्यावर लांजा, मग शिराळा, मग दोन भाऊ, दोघंही जावळीचे. बोटांनी टेबलावर मागांच्या रांगा आखत ते पुढं सरकत होते. कोण गेलं, कोण आहे. मी वही काढली. वहिनीचा नंबर आला, मसाला कुटून झाला, डबे भरून झाले, तरी ह्यांची दुसरी रांग संपेना. अकराव्या जोडीपाशी अडले. आजरेकर म्हणत होते तो देवरूखचा, आबा म्हणत होते संगमेश्वर.

'संगमेसरातच हाय की रं देवरूख,' शेवटी आजरेकर म्हणाले. दोघांचंही बरोबर होतं. माझ्या पोस्टातल्या मित्रानं देवरूखला कुणाला तरी फोन लावला. तिथून दुसरा नंबर, तिसरा नंबर. चहा संपेतो पत्ता निघाला. बदलापूरला, लेकीकडं.

पुढच्या रविवारी आम्ही चौघं बदलापूरला गेलो. आबा, आजरेकर, माझा मित्र आणि मी. देवरूखकरांनी दार उघडलं, आबांकडं बघून क्षणभर थांबले आणि मनगटावर दोन बोटं आपटली. जेवण झाल्यावर मी वही पुढं केली. त्यांना तिसरी रांग सगळी पाठ होती. शिवाय त्यांच्या जुन्या डायरीत साचेखात्यातल्या दोघांचे आणि वाइंडिंगमधल्या एका बाईचे नंबर होते. ती बाई अजून काळाचौकीतच राहते, असं ते म्हणाले. तिला सहा महिन्यांच्या संपातल्या बायकांच्या मोर्चाची गोष्ट येते, तिच्या आईकडून ऐकलेली.

आबांनी विचारलं, गाडी किती वाजता हाय. दादरला गाडी बदलून आम्ही काळाचौकीसाठी चिंचपोकळीला उतरलो.